माकाको शिकताना झेप मागे नको, वर हवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ता सुमारे वर्षभर कापोएरा, म्हणजे संगीताच्या तालावर खेळली जाणारी ब्राझीलची युद्धकला, शिकत आहे. जिंगा (तालावर झुलण्याची मूळ चाल), आऊ (हातांवरून बाजूने घेतलेली चक्राकार कोलांटी) आणि रोले (जमिनीलगत वळत सरकणे) या हालचाली त्याला येतात, भिंतीच्या आधाराने हातांवर उभेही राहता येते. माकाको, म्हणजे उकिडव्या बैठकीतून एक हात मागे टेकून पाय डोक्यावरून पलीकडे नेण्याची हालचाल, मात्र काही केल्या जमत नाही. उकिडवे बसून एक हात मागे टेकला की पाय जमिनीवरून उचलतात खरे, परंतु शरीर एका कुशीवर कलंडते, पाय डोक्यावरून न जाता बाजूने फिरतात आणि टेकलेल्या मनगटात कळ येते. पाठ पुरेशी लवचीक नाही, हातांत ताकद कमी आहे की मनातली भीती आडवी येते, आणि यांपैकी जे कारण असेल त्यासाठी कोणता सराव करावा, असे त्याने विचारले आहे.

वर्णन वाचून माझे मत असे झाले की अडचण पाठीत किंवा दंडात नसून झेपेच्या दिशेत आहे. माकाको पाहणाऱ्याला ती मागे मारलेली उडी वाटते, आणि म्हणून शिकणाराही मागे उडी मारू पाहतो. प्रत्यक्षात मागे जाण्याचे काम टेकलेला हात, मोकळा हात आणि नजर यांच्याकडे असते. पायांनी कंबर वर ढकलायची असते, आणि तीही जवळजवळ सरळ वर. (कंबर हा शब्द येथे मी नितंबांसह शरीराच्या संपूर्ण मधल्या भागासाठी वापरत आहे, कारण शरीराचे बहुतेक वजन त्याच्याच आसपास एकवटलेले असते.) कंबर उंच जाऊन टेकलेल्या तळहाताच्या वर आली की उरलेले शरीर फारशा प्रयत्नाशिवाय पलीकडे जाते. कंबर खालीच राहून मागे सरकली, तर मात्र सगळे वजन हाताला तिरके पेलावे लागते, आणि ते पेलवत नाही म्हणून शरीर ज्या बाजूला आधार नाही त्या बाजूला कलंडते. त्यामुळे मनगटातील कळ आणि पायांचे बाजूने फिरणे ही दोन वेगळी दुखणी आहेत असे मला वाटत नाही. दोन्हींचे मूळ कंबरेच्या उंचीत आहे.

हालचाल आधी संथपणे डोळ्यांपुढे आणू. उजवा हात टेकायचा असे धरून चालू. पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून उकिडवे बसावे. टाचा उचलल्या गेल्या तरी चालेल, मात्र गुडघे आत वळू देऊ नयेत. डावा हात चेहऱ्यासमोर बचावाला असतो. उजवा हात टाचांच्या मागे साधारण एक-दीड वितीवर, पाठीच्या कण्याच्या रेषेजवळ टेकायचा. बहुतेक नवशिके येथेच चुकतात: हात फार बाहेर ठेवला तर माकाको बसक्या आऊसारखा होतो, आणि फार मागे ठेवला तर कंबरेला त्या हातापर्यंत पोहोचण्यासाठी मागेच जावे लागते, म्हणजे वर सांगितलेला दोष पहिल्या क्षणीच पदरात पडतो. हात टेकल्यावर कोपर सरळ करून खांद्याने जमीन खाली ढकलायची. खांदा कानाकडे सैल चढलेला असेल तर हात सरळ दिसूनही भार पेलत नाही. म्हणून 'हात सरळ ठेव' एवढी सूचना अपुरी पडते, 'जमीन ढकल' ही सूचना उपयोगी पडते.

यानंतर वजन थोडे उजव्या हातावर येते, आणि त्याच वेळी दोन्ही पाय जमीन रेटून कंबर वर फेकतात. डावा हात गुडघ्यांमधून निघून चेहऱ्यासमोरून वर, कानाजवळून मागे असा मोठ्या कमानीत जातो. नजर आधी त्या हाताच्या मागे जाते आणि मग हाताच्याही पुढे जाऊन मागची जमीन शोधते. छाती उजव्या हाताभोवती किंचित वळते. हे वळण स्वाभाविक आहे, ते दाबून ठेवू नये, पण त्याने हालचालीचा ताबाही घेऊ नये. डावा तळहात उजव्या हाताच्या पलीकडे, खांद्यांइतक्या अंतरावर जमिनीला लागतो, क्षणभर शरीर दोन हातांवर उलटे असते, आणि पाय एकामागून एक किंवा जोडीने पलीकडे उतरतात. उतरताना गुडघे मऊ आणि बैठक खोल ठेवावी, कारण त्या जागेवरून लगेच एस्किवा (झुकून फटका चुकवणे), नेगातिवा (एक पाय लांब करून जमिनीलगत बसणे) किंवा रोले यांपैकी काहीतरी करता आले पाहिजे.

टेकलेल्या हाताची बोटे कोठे रोखावीत याबद्दल शिक्षकांमध्ये मतभेद आढळतात. काही जण ती सरळ मागे ठेवायला सांगतात, काही तिरकी बाहेर. ती टाचांकडे वळलेली नसावीत, एवढ्यावर मी ठाम आहे, कारण तसे झाल्यास शरीर फिरताना मनगट आणि कोपर दोन्ही पिळले जातात. बाकी दोन प्रकारांपैकी आपल्या खांद्याला कोणता सोसतो हे करून पाहावे. शरीर वरून जाताना तळहात जागच्या जागी थोडा फिरतो, तो फिरू द्यावा. तळहात जमिनीला चिकटवून ठेवण्याचा हट्ट धरणाऱ्यांचीच मनगटे लवकर दुखावलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या हाताच्या बाबतीत असा प्रश्न फारसा येत नाही, कारण तो वरून येतो आणि बहुधा आपसूक योग्य दिशेने पडतो.

आता सरावाचा क्रम. मी माकाको शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवतो, आणि त्याला कारण आहे. हालचालीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे दोन हातांवर उलटे असताना पाय खाली आणणे, हा हातांवर उभे राहून आलो त्याच बाजूला उतरण्यापेक्षा वेगळा नाही. ज्याला भिंतीच्या आधाराने का होईना, हातांवर उभे राहता येते, त्याने अर्धा माकाको नकळत केलेलाच असतो. तो अर्धा भाग पक्का झाला की उलटे झाल्यावर पुढे काय हा प्रश्न शरीराला पडत नाही, आणि भीतीचा बराचसा भाग त्या अनुत्तरित प्रश्नातूनच आलेला असतो.

म्हणून पहिले काही दिवस मागे हात टेकूच नये. दोन्ही तळहात समोर जमिनीवर ठेवून, गुडघे वाकवून, पाय मागून वर उडवावेत आणि कंबर खांद्यांच्या वर आणून पुन्हा खाली यावे. पाय पूर्ण सरळ करण्याची गरज नाही. गुडघे पोटाजवळ असले तरी चालतील. उतरताना पावलांचा आवाज ऐकावा. पावले धप्पकन पडत असतील तर उतरण्याचे काम पोट आणि खांदे करत नाहीत, गुरुत्वाकर्षण करते आहे. आवाज जवळजवळ नाहीसा झाला की उतरल्याबरोबर एक हात चेहऱ्यासमोर आणून नेगातिवात जावे, तेथून रोले करून जिंगात उभे राहावे. हा तुकडा दोन्ही बाजूंना इतका सवयीचा व्हावा की त्याचा विचार करावा लागू नये.

दुसरी पायरी पहिल्या अर्ध्या भागाची, पण पाय न उचलता. उकिडवे बसून उजवा हात मागे टेकावा, कंबर वर न्यावी, इतकी वर की मांड्या आणि पोट एका रेषेत येतील, आणि डावा हात डोक्यावरून मागे न्यावा. जमिनीला हात लावण्याची घाई करू नये. कंबर वर असताना मागची जमीन दिसते का, एवढेच पाहावे आणि परत बसावे. हा व्यायाम दिसायला साधा आहे आणि बहुतेक जण तो दोन-चार वेळा करून सोडून देतात. माझ्या मते माकाकोतील सर्वांत फलदायी सराव हाच आहे. यातच कंबर वर नेणे म्हणजे काय ते शरीराला कळते, मांडीच्या पुढच्या बाजूचा ताठरपणा उघडा पडतो, टेकलेल्या खांद्याला भाराची सवय होते, आणि चुकले तर नुकसान एवढेच की आपण खाली बसतो. वर पोहोचल्यावर दोन श्वास थांबता येणे ही माझी कसोटी आहे. जो थांबू शकत नाही तो कंबर उचलत नसून फेकत असतो, आणि फेकलेली कंबर कोठे जाईल हे नशिबावर असते.

तिसऱ्या पायरीत हे दोन अर्धे भाग जोडायचे, आणि सुरुवातीला मुद्दाम बाजूने जोडायचे. जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने एक रेघ आखावी, रेघेच्या एका बाजूला उकिडवे बसून मागचा हात रेघेवर टेकावा, दुसरा हातही शेवटी रेघेवरच टेकेल असे पाहावे, आणि पाय छोट्या उडीने रेघेच्या पलीकडे न्यावेत. पहिल्यांदा पाय गुडघाभर उंचीवरून, अर्धवर्तुळात, बाजूनेच जातील. येथे ते क्षम्य आहे. प्रत्येक सत्रात ते अर्धवर्तुळ थोडे उभे करत न्यायचे: पाय कमरेच्या उंचीवरून, मग खांद्यांच्या, मग डोक्यावरून. प्रश्नकर्ता आज जे चूक म्हणून करत आहे ते या क्रमातील मधला टप्पा आहे. त्या टप्प्यावर येणे ठीकच. त्याला मागच्या दोन पायऱ्यांचा आधार नसल्यामुळे तेथून वर जाता येत नाही, एवढीच अडचण आहे.

दुसरा हात जमिनीला लागेपर्यंत पायांनी जमीन सोडायची नाही, हा नियम या संपूर्ण काळात पाळावा. पुढे वेग आला की हात लागणे आणि पाय सुटणे एकाच वेळी होऊ लागते, आणि जाणकार खेळाडूंच्या बाबतीत पाय आधीही सुटतात. पण तो वेगाचा परिणाम असतो. वेग आधी आणून नियंत्रण नंतर मिळवू पाहणाऱ्याला दोन्ही मिळायला उशीर लागतो. उताराची गादी उपलब्ध असेल तर तिच्या उंच टोकाकडून उताराच्या दिशेने माकाको केल्यास पाय डोक्यावरून नेणे सोपे जाते, आणि उभे अर्धवर्तुळ कसे लागते ते शरीराला एकदा जाणवते. मात्र उतारावर जमलेला माकाको सपाट जमिनीवर जमला असे समजू नये.

मदतनीस मिळाला तर उत्तम, पण तो समजून उमजून मदत करणारा हवा. त्याने टेकलेल्या हाताच्या बाजूला एका गुडघ्यावर बसावे, कारण दुसऱ्या बाजूने मोकळा हात जोरात फिरत येतो आणि त्याच्या तोंडावर बसू शकतो. एक हात शिकणाऱ्याच्या कमरेच्या खालच्या भागावर आणि दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला ठेवून त्याने कंबर वर जाण्यास हातभार लावावा, मागे ओढू नये. चांगल्या हेतूने मागे ओढणारा मदतनीस नेमका जो दोष घालवायचा आहे तोच पक्का करतो. मदतीचा जोर दर वेळी थोडा कमी करत जावा, आणि शेवटी त्याचा तळहात पाठीला फक्त स्पर्श करून असावा; कित्येकांना तेवढ्या स्पर्शावर पहिला पूर्ण माकाको जमतो आणि स्पर्श काढताच अडतो. तेथे काही काळ थांबावे लागते. त्यात काळजीचे काही नाही.

भीतीविषयी प्रश्नकर्त्याने विचारले आहे, म्हणून तिच्याकडे वळतो. मागे जाणाऱ्या सर्वच हालचालींत एक क्षण असा येतो की समोरचे दृश्य सुटलेले असते आणि मागचे अजून दिसलेले नसते. या आंधळ्या क्षणात शरीर स्वतःला वाचवण्यासाठी आकसते: हनुवटी छातीकडे जाते, कोपर वाकते, कंबर खाली येते. धीर धर असे सांगून हे थांबत नाही. तो क्षण लहान करणे हाच त्यावरचा उपाय, आणि नजर लवकर मागे टाकली की तो लहान होतो. मोकळा हात गुडघ्यांमधून निघाला की डोळे त्याच्यावर हवेत, आणि हात कानाजवळ पोहोचण्याआधी मागची जमीन दिसलेली हवी. दुसऱ्या पायरीत 'जमीन दिसते का' हे पाहण्यावर मी भर दिला तो याचसाठी. पुष्कळ जण हालचालीच्या मध्यावर डोळे मिटतात आणि त्यांना ते कळतही नाही; समोरून घेतलेल्या मोबाइलच्या चित्रफितीत ते स्पष्ट दिसते. कंबरेची उंची पाहायची असेल तर मात्र चित्रण बाजूने करावे, आणि संथ गतीत पाहावे.

खरा धोका कोठे आहे हेही स्पष्ट असलेले बरे. माकाको जमिनीलगत सुरू होतो, त्यामुळे अर्धवट राहिला तर बहुधा माणूस बसतो किंवा कुशीवर लोळतो, आणि त्यात फारसे काही होत नाही. टेकलेले कोपर मध्येच वाकले तर मात्र डोके आणि मान जमिनीच्या दिशेने येतात. म्हणून थकवा आल्यावर सराव थांबवणे हा येथे सुरक्षिततेचा भाग आहे. ताज्या अंगाने, सत्राच्या पहिल्या भागात, प्रत्येक बाजूला आठ-दहा काळजीपूर्वक प्रयत्न पुरेसे होतात; सत्राच्या शेवटी, हात थरथरत असताना केलेल्या तीस प्रयत्नांतून शरीर चुकीचीच हालचाल शिकते. अर्धवट निघालेला माकाको सोडून परत बसता येणे हे कौशल्यही वेगळे शिकावे. मदतनीसाने अधूनमधून, हात टेकल्यावर, 'थांब' म्हणावे आणि शिकणाऱ्याने कोपर न वाकवता खाली यावे.

मनगटाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. हात टेकल्यावर मनगट काटकोनाच्या जवळ वाकते आणि त्यावर भार येतो. ज्यांचे दिवसभराचे काम टेबलावरचे असते त्यांच्या मनगटांना ही अवस्था अपरिचित असते. सरावापूर्वी ओणवे होऊन, तळहात जमिनीवर ठेवून, बोटे पुढे, बाहेर आणि मागे अशी आळीपाळीने वळवत वजन हळूहळू पुढेमागे करावे, आणि नंतर मुठीवर व बोटांवर थोडा भार घेऊन पाहावा. भार तळहाताच्या मुळावर एकवटू न देता बोटांच्या पेरांनीही जमीन धरली तर मनगटाच्या मागच्या बाजूचा ताण कमी होतो. पुष्कळांना वाटते की मऊ गादीवर मनगट सुरक्षित राहते. ते खरे नाही. मऊ गादीत तळहाताचे मूळ खाली रुतते आणि मनगट काटकोनापेक्षाही अधिक वाकते. पडण्याच्या भीतीसाठी मऊ गादी चांगली, पण टेकायच्या हाताखाली टणक चटई किंवा लाकडी जमीन बरी. सराव थांबवल्यावरही कळ राहत असेल, पकड कमी झाली असेल किंवा सूज दिसत असेल, तर काही दिवस हातांवर भार घेणे बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुखऱ्या मनगटावर सराव रेटल्याने ते बळकट होत नाही.

पाठीच्या लवचीकतेचे महत्त्व प्रश्नकर्त्याला वाटते तितके नाही. ज्यांना चक्रासन नीट जमत नाही अशांनाही मी व्यवस्थित माकाको करताना पाहिले आहे, कारण या हालचालीतली कमान एकट्या पाठीची नसते. ती खांदे, छातीचा वरचा भाग आणि मांडीचा सांधा मिळून तयार होते. मांडीच्या पुढचे स्नायू आखडलेले असतील तर कंबर पूर्ण उघडत नाही आणि उरलेली सगळी कसर माकडहाडाच्या वरचा भाग भरून काढतो, आणि मग तोच दुखतो. त्यामुळे पाठ मोडून घेण्याचे ताण देण्यापेक्षा एक गुडघा जमिनीवर टेकून, नितंब आवळून, मांडीचा सांधा पुढे उघडण्याचा ताण आणि भिंतीला हात लावून खांदे उघडण्याचा ताण अधिक कामाचा. ताकदीबद्दलही तेच म्हणता येईल: ज्याला हातांवर वीस-तीस सेकंद भिंतीच्या आधाराने राहता येते त्याच्या हातांत माकाकोपुरती ताकद आहे.

आतापर्यंत हालचालीचा विचार मी एकट्याने करायच्या व्यायामासारखा केला; पण कापोएरा हा दोघांचा खेळ आहे, आणि रोदात, म्हणजे वादक आणि खेळाडूंच्या वर्तुळात, समोर दुसरा माणूस असतो. २०१४ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत कापोएराची जी नोंद केली तीही या वर्तुळाचीच आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. ब्राझीलमधील साल्वादोर शहराचे मेस्त्रे (गुरू) बिंबा, म्हणजे मानुएल दोस रेइस माशादो, यांनी १९३० च्या दशकात आपल्या शाळेत जोडीने करायचे ठरावीक क्रम शिकवायला सुरुवात केली. त्यांत एकाने आऊ केला की दुसरा काबेसादाने, म्हणजे डोक्याच्या धडकेने, त्याला उत्तर देतो. उलटे झालेल्या माणसाचे पोट आणि छाती उघडी असतात, आणि नवशिक्याला हे पहिल्याच क्रमात अंगावर शिकवले जाते. माकाकोत तर आऊपेक्षाही अधिक काळ शरीराचा पुढचा भाग वर उघडा राहतो, आणि टेकलेला एकुलता हात कोणी पायाने झाडला तर आधारच जातो.

यावरून माकाको कधी करावा हे बरेचसे ठरते. जोडीदार आपला फटका संपवून वळत असेल, किंवा त्याचे वजन आपल्यापासून दूर गेलेले असेल, तेव्हा मोकळ्या जागेकडे माकाको करावा. तो आपल्याकडे झेपावत असेल तेव्हा करू नये. मेया लुआ दे कोंपासोसारखा पायाचा गोल फटका डोक्यावरून जात असताना खाली बसलेलो असलो, तर त्याच खोल बैठकीतून फटक्याच्या दिशेने बाहेर पडताना माकाको सहज निघतो, कारण हात टेकण्याची जागा आणि जाण्याची दिशा दोन्ही खेळानेच दिलेल्या असतात. मागचा हात टेकेपर्यंत नजर जोडीदारावर हवी. डोके मागे टाकल्यावर तो दिसत नाही, आणि उलटे असताना दोन हातांमधून तो पुन्हा शोधावा लागतो. उतरल्यावर पहिले काम हात चेहऱ्यासमोर आणणे हेच. माकाको उत्तम जमल्यावर उतरून हसत उभा राहणारा खेळाडू पुढच्या क्षणी खाली बसलेला दिसतो, आणि त्याबद्दल कोणाला फारसे वाईटही वाटत नाही.

बिंबांच्या शाळेत कवायतीतल्या कसरतीला मर्यादित जागा होती आणि तिचा उद्देश ठरलेला होता. सिंतुरा देस्प्रेसादा या फेकींच्या क्रमात जोडीदार हवेतून फेकला जाई आणि त्याने पायांवर उतरणे शिकावे, हा त्यातला धडा असे. आणि बेरिंबाव या धनुष्याच्या आकाराच्या एकतारी वाद्यावरची युना ही लय शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांच्या खेळासाठी राखून ठेवलेली होती. उतरणे, म्हणजे हालचालीचा शेवट, आधी शिकवण्याची माझी पद्धत त्या परंपरेशी सुसंगत आहे असे मी मानतो. दुसरीकडे मेस्त्रे पास्तिन्या यांनी १९४१ मध्ये साल्वादोरमध्येच ज्या आंगोला परंपरेच्या शाळेची उभारणी केली, त्या परंपरेत खेळ जमिनीलगत, संथ आणि फसवा असतो. तेथे मोठ्या उडीचा माकाको लयीच्या बाहेर पडतो. मात्र पाय गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवरून नेणारा, रोलेसारखा वाहत जाणारा बसका माकाको त्या खेळात शोभतो आणि उपयोगीही पडतो. लय संथ असेल तर हालचालही संथ करता आली पाहिजे, आणि ती तशी करता येते की नाही यावरून तंत्र किती पक्के आहे ते चांगले कळते, कारण संथ माकाकोत झेपेचा वेग मदतीला येत नाही.

प्रश्नकर्त्याने आपल्या गटातील लय, म्हणजे कोणत्या तालावर कोणता खेळ अपेक्षित आहे हे, शिक्षकांना विचारून घ्यावे, आणि माकाको रोदात आणण्यापूर्वी तो जोडीच्या सरावात आणावा: जोडीदाराने ठरलेला गोल फटका मारावा, आपण खाली बसावे, माकाकोने बाहेर पडावे, जोडीदाराने उतरण्याच्या जागी पाऊल टाकून दडपण आणावे आणि आपण रोले करून निसटावे. हे दोन्ही बाजूंना, वेग बदलून, आणि कधीकधी जोडीदाराने मुद्दाम आडवे येऊन करावे, म्हणजे सुरू केलेला माकाको सोडून नेगातिवात बसण्याची सवयही लागते.

उभ्याने केलेला माकाको, बाजूने जाणारा माकाको आणि नेगातिवातून पाय झाडून निघणारा एस-दोब्रादो हे प्रकार यानंतरचे. उभ्याने करायच्या प्रकारात खाली बसता बसता हात टेकायचा असतो, त्यामुळे वेग आपोआप वाढतो आणि कंबर मागे जाण्याचा मोह परत येतो. बसून केलेला माकाको कमकुवत बाजूलाही आवाज न करता उतरू लागल्याशिवाय मी तो कोणाला करू देत नाही. एस-दोब्रादोत मात्र पायाचा झोका कंबर वर नेण्यास मदत करतो, आणि काही जणांना तो माकाकोच्या आधी जमतो. तसे झाले तर क्रम उलटा झाला म्हणून खट्टू होऊ नये; त्या झोक्यात कंबर किती उंच जाते हे लक्षात ठेवून, तीच उंची झोक्याशिवाय, केवळ पायांच्या रेट्याने आणण्याचा प्रयत्न करावा.